सदतीस अनुभवी शेतकरी

१

ममता साडेनऊला ड्युटीवर निघाली, की धम्मरत्न दाराला कडी लावायचा, चहाचा कप धुवायचा आणि मोडेम बंद करायचा. नुसतं बटण दाबून नाही, भिंतीतली पिनसुद्धा काढून टेबलावर ठेवायचा. मग घड्याळाकडे पाहत पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत तो लसूण सोलायचा. बायको खूश. "माहा नवरा लसून सोलून ठेवते," असं ती दवाखान्यात बाकीच्या सिस्टरांना कौतुकानं सांगायची. तिला बिचारीला काय माहीत, हा लसूण कशापायी सोलला जातो ते!

पाच मिनिटं झाली की पिन परत भिंतीत. एक हिरवा दिवा लागायचा, दुसरा थोडा वेळ लुकलुक करून थांबायचा, तिसरा लागला की झालं. घराला नवा नंबर. आता हे नंबराचं प्रकरण एकदाच सांगतो, पुन्हा विचारू नका. घरच्या ब्रॉडबँडला कायमचा पत्ता नसतो. लॉजसारखं असतं ते. किल्ली काउंटरवर देऊन तुम्ही बाहेर पडलात आणि थोड्या वेळानं परत आलात, तर तुमची खोली गेलेली असते, दुसरी मिळते. बाहेरच्या जगाला वाटतं, हा कोणी नवाच पाहुणा आला. धम्मरत्न आर्णीत कॉम्प्युटरच्या क्लासवर शिकवायचा, दुपारी दोन ते सात. हे उदाहरण तो दरवर्षी द्यायचा आणि वर्ग दरवर्षी लॉज म्हटलं की हसायचा.

आणि त्याला रोज नवा नंबर कशाला हवा? तर फवारणीचं औषध विकणारी एक कंपनी होती. तिच्या वेबसाइटवर 'अनुभवी शेतकरी सांगतात' असं एक पान होतं. पानाचा नियम असा, की एका जोडणीवरून दिवसाला एकच अनुभव घेतला जाईल. धम्मरत्न दर वेळी पिन काढून दिवसाला चार-पाच अनुभव टाकायचा. आणि ह्या अनुभवी माणसाच्या नावावर वीतभर वावर नव्हतं!

२

हे काम आणलं इंद्रजितनं. तो नागपुरात बसून त्या कंपनीच्या जाहिरातींचं पाहायचा. एका लग्नात, जेवणाच्या रांगेत, त्यानं धम्मरत्नच्या नकला ऐकल्या. पारावरचा म्हातारा कसा बोलतो, सरपंच कसा खाकरतो, नवीन जावई सासऱ्याच्या वावरात कसा चालतो. लोक पोट धरून हसत होते. इंद्रजित हसला नाही, तो ऐकत राहिला.

"सर, तुमच्या तोंडात अख्खा जिल्हा आहे," तो म्हणाला. "आमच्याकडे जे लिहितात ना, ते लिहितात, 'मी या उत्पादनाबाबत पूर्णपणे समाधानी आहे.' असा कोणता शेतकरी बोलतो हो?"

खरं सांगायचं तर हातखर्चाला चार पैसे मिळायचे म्हणून धम्मरत्न भुलला नाही. भुलला तो त्या एका वाक्याला. चाळिशी आली तरी त्याच्या अंगात काही गुण आहे असं कोणी म्हटलं नव्हतं. मग काय, बसला माणसं घडवायला. सदतीस घडवली. प्रत्येकाचं गाव वेगळं, आणि गावं अशी की नकाशात शोधून सापडू नयेत. एक वही केली. वहीत नाव, गाव, किती एकर, बैलांची नावं, बोलण्याची लकब, आणि त्या वेळी घराला मिळालेला नंबर. विसरून घोटाळा नको म्हणून.

सगळ्यांत लाडका नानाजी. सावळदऱ्याचा, बासष्ट वर्षांचा, बायको वारलेली, बोलताना कुठं थांबायचं नाही आणि शेवटी म्हणायचं 'बाकी मस्त'. कंपनीनं मुद्दे पाठवले होते : वापरायला सोपं, दुसऱ्या औषधासोबत चालतं. एवढंच. त्यावरून नानाजीनं जे लिहिलं ते असं :

'हातमोजे घालून का लग्नात जाऊन राह्यलो का बाप्पा तीस वर्सं झाले दोन दोन औषधं मिसळून मारतो काई होत नाई बाकी मस्त'

ही हातमोज्याची गंमत धम्मरत्नची स्वतःची. कंपनीनं ती मागितली नव्हती. सुचली, हसू आलं, लिहून टाकली. नंतर ती इतकी चालली, की बाकी छत्तीस जणांच्या तोंडीही त्यानं तिची वेगवेगळी रूपं घातली.

३

पोळा झाला आणि त्या रविवारी धर्मपाल जेवायला आला. धर्मपाल म्हणजे ममताचा धाकटा भाऊ, बायको रुपालीसोबत बोरखडीला राहायचा, आर्णीपासून चौदा किलोमीटर. तीन एकर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, शिवाय लोकांच्या वावरात फवारणीची कामं घ्यायचा. त्या वर्षी पऱ्हाटी काय माजली होती म्हणता! माणसाच्या डोक्यावर गेली होती. फवारा खाली मारायचा तो वर मारावा लागे, आणि वर मारलेला सगळा परत तोंडावर यायचा. तरी बोंडात अळी होतीच, गुलाबी.

ताटावर बसल्या बसल्या धर्मपालनं मोबाइल काढला. "भाऊजी, तुमी नेटवाले मानूस. हा नानाजी वाचला का तुमी? लय भारी लिहिते बुढा! आमच्या गावात सारे वाचते याले."

आणि त्यानं वाचून दाखवलं. हातमोजे, लग्न, बाकी मस्त. वाचता वाचता स्वतःच खो खो हसला. धम्मरत्नही हसला. आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, त्याला बरं वाटलं. आपला म्हातारा गावोगाव पोचला म्हणून छाती जराशी फुगली.

ममता भाकरी घेऊन दारात उभी होती. ती हसली नाही.

"धर्मा, ठेव तो मोबाइल. काल दवाखान्यात चार जन आनले फवारनीवाले. एकाची लाळ थांबत नोती. डोयातली बाहुली मोहरीच्या दान्यायेवढी झालती त्याची. मले म्हणे, सिस्टर, दिवा लावा ना. भर दुपारी! मी म्हटलं हातमोजे काहून नाई घातले बाबा, तं म्हणे, मी का लग्नात जाऊन राह्यलो का?"

धम्मरत्नचा घास तोंडातच राहिला.

"उपाशीपोटी मारत असतीन ताई ते," धर्मपाल म्हणाला. "नानाजी तं म्हणते..."

"कोन हाये हा नानाजी? मले भेटला तं दोन थापडा देईन त्याले."

धम्मरत्नला बोलायला त्यापेक्षा चांगली वेळ मिळणार नव्हती. घरचीच माणसं होती. बायकोनं शिव्या दिल्या असत्या, मेहुण्यानं चार दिवस तोंड फिरवलं असतं, संपलं असतं. पण त्यानं वाटी पुढं केली आणि वरण मागितलं. कान तापले होते त्याचे. आपले कान लाल झाले असतील आणि ममताला ते दिसत असतील, एवढाच विचार त्याच्या डोक्यात होता.

"गुरुवारी माह्या वावरात मारतो," जाताना धर्मपाल म्हणाला. "दोनी औषधं आनून ठेवले, भाऊजी. यंदा मिसळूनच मारतो."

४

सोमवारी धम्मरत्ननं ठरवलं, आजपासून बंद. झालं ते झालं. ममता गेली, कडी लागली, कप धुतला, पिन काढली. सवय हो! लसूणही सोलायला घेतला. मग लक्षात आलं, की आज नवा माणूस घालायचाच नाही, तर नवा नंबर कशाला? तरी तो पाच मिनिटं बसला. घर शांत होतं. पिन समोर टेबलावर, मोडेम काळाठिक्कर, बाहेर भाजीवाल्याची हाक.

पिन खोचली, दिवे लागले, पान उघडलं. लिहिलेलं पुसता येतं का ते पाहायचं होतं. पुसता येत नव्हतं. पण सगळ्यांत वर एक नवा अनुभव होता.

नानाजी, सावळदरा. वेळ नऊ सत्तेचाळीस. 'सकायपासून डोये चुरचुरून राह्यले घाम लय येते पन काई होत नाई बाकी मस्त'

धम्मरत्ननं घड्याळाकडे पाहिलं. नऊ चोपन्न. सत्तेचाळीसला पिन टेबलावर होती आणि तो लसणाची तिसरी पाकळी सोलत होता. आणि असलं काही तो लिहीलच कशाला?

माणूस शिकलेला होता. घाबरला नाही, हिशेब लावत बसला. वेबसाइटचं घड्याळ पुढं-मागं असेल. इंद्रजितनं दुसरा कोणी ठेवला असेल. किंवा कोणी टारगट नानाजीच्या नावानं चेष्टा करत असेल, हल्ली लोकांना धंदे काय आहेत! तिन्ही कारणं त्याला पटली. तो उठून पाणी प्यायला आणि परत येऊन बसला, तर नानाजीच्या वर आणखी एक ओळ आली होती.

देवराव, खैरधरा. 'माह्यंबी तसंच हाये नानाजी पाय लटलट करते उभं राहवत नाई'

हा देवराव वहीत अकराव्या पानावर होता. नऊ एकर, पवळ्या आणि सर्जा. धम्मरत्ननं नानाजी घडवला, देवराव घडवला, पण ह्या दोघांची एकमेकांशी ओळख त्यानं कधी करून दिली नव्हती.

५

"इंद्रजित, दुसरं कोणी लिहितंय का माझ्या नावांनी?" त्यानं मोबाइलवरून विचारलं.

"कोण लिहिणार सर? तुमच्यासारखं कोणाला जमतं?"

"मग आजचे अनुभव कुठून आले ते बघ. नंबर बघ."

तिकडून थोडा वेळ नुसती बोटं आपटल्याचा आवाज आला. "नानाजी ना? त्याच्याच नंबरवरून. शेवटी एकशे अठरा. सर, तुम्ही हे कसं जमवता ते एकदा मलाही शिकवा."

"काय जमवतो?"

"प्रत्येक म्हातारा आपापल्याच नंबरवरून येतो ना. नानाजी एकशे अठरा, देवराव दोनशे चार. मी समजत होतो, सोडलेला नंबर परत मिळत नाही."

धम्मरत्ननं वही उघडली. नानाजीपुढं एकशे अठरा. देवरावपुढं दोनशे चार. वही स्टीलच्या कपाटात, कपाटाची किल्ली त्याच्या खिशात. इंद्रजितला ह्या वहीचा पत्ता नव्हता, कोणालाच नव्हता.

सोडलेला नंबर मागून परत मिळत नाही, हे तो दरवर्षी शिकवायचा. मिळालाच तर योगायोगानं, कधीतरी. सदतीस जणांना आपापला? छे! त्यानं मोडेम बंद केला. पिन काढली, टेलिफोनची वायरही काढली, आणि मोडेम उचलून कपाटात कपड्यांखाली ठेवून दिला. मग मोबाइलवर ते पान उघडून बसला. दहा वाजून वीस मिनिटांनी एक आला. पंचवीसला दोन. सगळे त्याचेच. कोणाला मळमळत होतं, कोणाला छातीत दाटून येत होतं. आणि प्रत्येक जण शेवटी सांगत होता, काई होत नाई.

लॉजचं ते उदाहरण त्याच्या डोक्यातून जाईना. रोज आपण खोली सोडली, किल्ली दिली, निघालो. आपण निघालो खरे, पण आत एकेका माणसाला बसवून निघालो. त्याला कोण उठवणार?

कपाटाला कान लावावासा त्याला वाटला. पण लावला नाही, त्याची त्यालाच शरम वाटली. आर्णीसारख्या गावात कॉम्प्युटर शिकवणारा माणूस कपाटाला कान लावतो!

६

मंगळवारी ममता उशिरा आली आणि चपला न काढताच पलंगावर बसली.

"आज नऊ आनले. दोघाईले यवतमाळले पाठवलं. एक तं धर्माच्याच वयाचा होता." तिनं पदरानं तोंड पुसलं. "ऐका ना. तुमाले एवढं येते कॉम्प्युटरमधलं. तो नानाजी कोन हाये, शोधता येत नाई का तुमाले? सारे पेशंट त्याचंच नाव घेते."

"पाहतो," धम्मरत्न म्हणाला.

"पाहाच. पोलिसात देऊ आपन त्याले."

"पाहतो म्हटलं ना!"

असा तो तिच्यावरच खेकसला. चोर तो चोर आणि वर शिरजोर, दुसरं काय. ममता उठून चहा ठेवायला गेली. तिची पाठ पाहत तो बसून राहिला. तिच्या पाठीलासुद्धा तोंड दाखवायची लाज वाटत होती त्याला.

बुधवारी सकाळी त्यानं मोडेम कपाटातून काढला. आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? सरळ आपलं नाव घालून लिहिलं असतं, की बाबांनो, मी धम्मरत्न, आर्णीचा, हे सदतीस जण मीच आहे, ह्यांचं ऐकू नका. चार ओळींचं काम. त्यानं 'मी धम्मरत्न' एवढं टाइपही केलं. मग त्याला दिसलं, की हे धर्मपाल वाचेल. बोरखडी वाचेल. क्लासवरची मुलं वाचतील, त्यांचे बाप वाचतील, दवाखान्यातल्या सिस्टरा ममताकडे कशा पाहतील. त्यानं ते दोन शब्द पुसले. आणि काय केलं? मोडेम बंद केला, पिन काढली, पाच मिनिटं थांबला आणि नवा नंबर घेऊन अडतिसावा माणूस उभा केला. विठ्ठलराव. खरं सांगायलाही ह्याला खोटं तोंड लागलं.

'भाऊ हो, हातमोजे घाला, तोंडाला फडकं बांधा, दोन औषधं मिसळू नका. माझा भाऊ असाच गेला,' असं विठ्ठलरावनं लिहिलं. पाठवून धम्मरत्ननं पिन काढली आणि मोबाइलवर पाहत राहिला.

पहिलं उत्तर आलं नानाजीचं. 'कोन हायेस बे तू तुले पाह्यलं नाई कधी आमच्यात काई होत नाई'

मग देवराव. मग तिसरा, चौथा. एकामागून एक, घाई नाही, गडबड नाही. प्रत्येकाची लकब वेगळी, जशी त्यानं दिली होती तशी. एक शिव्या देऊन म्हणत होता, एक समजावून म्हणत होता, एक नुसताच हसत होता. सगळे मिळून सदतीस. विठ्ठलराव कुठल्या कुठं खाली गेला, शोधावा लागला असता.

त्याच वेळी टेबलावरचा टेलिफोन एकदाच वाजला. पुरतं नाही, अर्धीच घंटी. सकाळी परत जोडलेली वायर त्यानं पिनेसोबत आत्ताच काढली होती, की नाही? त्याला आठवेना. त्यानं रिसीव्हर उचलला. आत नेहमीची शिट्टी नव्हती. मोकळ्या जागेत माणसं बसलेली असावीत तसा आवाज. कोणी खाकरलं. कोणी थुंकलं. दूर कुठं पंपाची घरघर. मग जवळून, अगदी रिसीव्हरच्या तोंडाशी, एक म्हातारा दुसऱ्या कोणाला तरी हळूच म्हणाला, "चूप बसा रे. सर आले."

रिसीव्हर खाली ठेवताना त्यानं वायर पाहिली. ती भिंतीखाली गुंडाळून पडली होती.

७

त्यानं मोबाइलवरून धर्मपालला फोन लावला. आधी दोनदा मोबाइल खाली ठेवला, पण लावला. एवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

"धर्मा, उद्या फवारा नको मारू."

"काहून, भाऊजी?"

काहून? ह्या एका शब्दावर सगळं अडलं. जिभेवर आलं होतं त्याच्या. पण धर्मपालचा तो आवाज, मोठ्या माणसाला विचारावं तसा, विश्वासानं विचारणारा. लग्नात ह्याच धर्मपालनं त्याचे जोडे सांभाळले होते आणि 'माहा भाऊजी कॉम्प्युटर इंजिनेर हाये' म्हणून मांडवभर सांगत फिरला होता. इंजिनेर नव्हता तो. तेव्हाही त्यानं ते दुरुस्त केलं नव्हतं.

"पाऊस आहे म्हणे उद्या," धम्मरत्न म्हणाला. "औषध वाहून जाईल."

धर्मपाल हसला. "नाई हो! आताच नानाजीनं टाकलं नेटवर. उद्या उघाड हाये म्हणे, बोरखडीवाले बिनघोर मारा."

"बोरखडी? असं गावाचं नाव लिहिलं?"

"हव ना! आमचं नाव घेतलं बुढ्यानं! सारं गाव खूश हाये."

पुढं काय बोलणं झालं ते धम्मरत्नला नंतर आठवलं नाही. त्या दिवशी तो क्लासवर गेला नाही. संध्याकाळी ममतानं विचारलं, बरं नाही का. तो म्हणाला, डोकं दुखतं. तिनं कपाळाला बाम चोळला. तो डोळे मिटून पडून राहिला आणि मनाशी म्हणत राहिला : उद्या स्वतः जातो. तोंडावर सांगतो. मग काय व्हायचं ते होवो.

८

गुरुवारी सातलाच त्यानं गाडी काढली. वाटेत वाक्य घोकत होता. 'धर्मा, तो नानाजी मीच.' चारच शब्द. पुलावर म्हणून पाहिलं, मोठ्यानं म्हणून पाहिलं, जमत होतं. उघाड पडली होती. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी हिरवीगार, मध्ये मध्ये तूर, आणि वाऱ्यावर औषधाचा तो उग्र वास, घशात बसणारा.

धर्मपाल धुऱ्यावर, वावराच्या बांधावर होता. अंगात बनियन, पायात काही नाही. ड्रममध्ये काडीनं औषध ढवळत होता. भरलेला पंप बाजूला ठेवलेला.

"अरे! भाऊजी! सकायीच?" त्याला इतका आनंद झाला, की काडी तशीच हातात. "ताई बरी हाये ना?"

"बरी आहे. धर्मा, मला तुला एक सांगायचं आहे."

"सांगा ना. अन् तुमचे लोक आले बरं. बरं केलं पाठवले. माह्यं काम एका दिवसात होते आता."

"माझे लोक?"

"हे काय." धर्मपालनं काडीनं वावराकडे दाखवलं. "मी यायच्या पयले लागले ते कामाले. कुठचे म्हटलं तं म्हणे तिकडचे. सरनं पाठवलं म्हणे, धम्मरत्न सरनं. मजुरी विचारली तं हासते. लय गरीब मानसं हाये बिचारे, डोये वर करून पाहात नाई."

धम्मरत्ननं पाहिलं. पऱ्हाटी डोक्याच्या वर होती, त्यामुळं माणसं दिसत नव्हती. झाडांचे शेंडे हलत होते. तासातासानं, म्हणजे ओळीओळीनं, एका रेषेत, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. शेंड्यांवर पांढुरका फवारा उडत होता आणि खाली पडत होता. पंपांची घरघर होती. मधूनच कोणी खोकत होतं. त्यानं हलणारे शेंडे मोजायला घेतले आणि वीसच्या पुढं मोजले नाहीत.

"बोला ना भाऊजी," धर्मपाल म्हणाला. "काय सांगत होते?"

"धर्मा, तो नानाजी..."

एकदम सगळे पंप थांबले. एकाच वेळी. शेंडे हलायचे थांबले. वावरात अशी शांतता पडली, की फवाऱ्याचे थेंब पानांवरून खाली पडतात तेसुद्धा ऐकू यायला लागलं.

धुऱ्याजवळच्या तासात, चार हातांवर, पानं जराशी बाजूला झाली. त्याला एक हात दिसला, म्हाताऱ्याचा, मनगटापर्यंत औषधानं पांढरा पडलेला. त्याच्या वर हनुवटी, आणि हनुवटीवरून गळणारी लाळ. त्याच्याही वर पाहण्याची त्याची हिंमत झाली नाही. त्याच्या मागं दुसरा उभा होता, त्याच्या मागं तिसरा, सगळे ह्याच्याकडे तोंड करून. ते रागावलेले नव्हते. राग असता तर परवडलं असतं. क्लासवर मुलं वही उघडून बसतात ना, तसे ते उभे होते.

"सर," तो म्हातारा अदबीनं म्हणाला, "पुढं काय म्हनाचं?"

"पाहा, तुमाले किती मान देते," धर्मपाल कौतुकानं म्हणाला. "सांगा ना. तेबी ऐकतीन."

एवढंच करायचं होतं. ज्यांच्या तोंडी त्यानं एक घातलं होतं, त्यांना दुसरं सांगायचं. आणि ते सांगताना मेहुण्याकडे तोंड वर करून पाहायचं. धर्मपाल समोर उभा होता, उघडे हात कोपरापर्यंत ओले, चेहरा हसरा. त्या चेहऱ्यावरचं हसू आपल्या एका वाक्यानं जाणार हे धम्मरत्नला दिसलं. त्याच्यानं ते पाहवलं नसतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.

"रविवारी जेवायला ये," तो म्हणाला. "रुपालीलाही आण. तेवढंच सांगायला आलो होतो."

"एवढ्यासाठी आले? फोन करून सांगाचं ना!" धर्मपाल मोठ्यानं हसला. "येतो, येतो."

पानं परत जुळली. एक पंप सुरू झाला, मग दुसरा, मग सगळे. शेंडे हलत दूर जायला लागले. धर्मपालनं ड्रमवर झाकण ठेवलं, काडी फेकली, हात बनियनला पुसले आणि पाठ फिरवून खाली वाकला.

"भाऊजी, जरा हात लावा."

पंप काठोकाठ भरलेला होता, जड होता. धम्मरत्ननं तो दोन्ही हातांनी उचलला, धर्मपालच्या पाठीवर ठेवला आणि खांद्यावर पट्टा नीट बसला की नाही ते पाहिलं.